महाग औषध म्हणजे चांगलं औषध?

आजचा विषय आमच्या घरचाच आहे.

दोन वर्षांपूर्वी आईची बोटं सकाळी आखडायला लागली. उठल्यावर तासभर तरी दुधाची पिशवीसुद्धा कापता यायची नाही. निदान झालं रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट दिलं. काही महिन्यांनी सूज पुरती उतरली नाही, तेव्हा त्यात सल्फासालाझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या गोळ्या वाढवल्या.

मी तोवर महागड्या बायोलॉजिक इंजेक्शनांबद्दल वाचून बसलो होतो. म्हटलं, मी एवढा कमावतोय आणि आईला स्वस्तातल्या गोळ्या? डॉक्टरांना तसं बोललोही. त्या म्हणाल्या, "रॅकॅट नावाची चाचणी वाचा, मग बोलू."

वाचली. २०१३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेली. नुसत्या मेथोट्रेक्सेटने आजार आटोक्यात न आलेले ३५३ पेशंट. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाला आईच्याच त्या तीन गोळ्या, दुसऱ्याला मेथोट्रेक्सेट आणि एटानरसेप्टचं इंजेक्शन. आपण ऑफिसात ए-बी टेस्ट करतो ना, तसंच. पण इथे गोळ्यांच्या गटाला खोटं इंजेक्शन आणि इंजेक्शनच्या गटाला खोट्या गोळ्याही दिल्या. कोणाला काय मिळतंय हे पेशंटला माहीत नाही, डॉक्टरलाही नाही.

मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. २४ आठवड्यांनी ज्यांना गुण आला नाही, त्यांना गुपचूप दुसऱ्या उपचारावर टाकलं. दोन्ही गटांत २७ टक्के लोकांना असं बदलावं लागलं, आणि बदलल्यावर दोन्हीकडच्यांना फरक पडला. ४८ आठवड्यांनी हिशेब केला, तर गोळ्यांपासून सुरुवात केलेले मागे पडले नव्हते.

म्हणजे इंजेक्शन फुकट, असं नाही हं! काहींना तेच लागतं. मुद्दा एवढाच की आधी गोळ्या देऊन बघणं म्हणजे आईच्या बाबतीत काटकसर करणं नव्हे. फक्त ठरलेल्या वेळी तपासायचं आणि गुण नसेल तर औषध बदलायचं. नुसतं 'बघू' म्हणत वर्ष घालवलं की सांधे झिजतात, आणि ती झीज भरून येत नाही.

एक गोष्ट मात्र कान देऊन ऐका. या आजारात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. आई एकदा सोमवारी पुन्हा गोळी काढत होती, नशीब मी समोर होतो. आता माझ्या फोनवर दर रविवारी रात्री नऊचा अलार्म आहे, आणि लिव्हर अन् रक्तपेशींच्या तपासणीच्या तारखाही.

तुमच्या घरी कोणी हे औषध घेत असेल, तर आज घरी गेल्यावर पाकीट बघा आणि विचारा, "वार कोणता?"

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!