थाळनेरचा दरवाजा आणि वीस बाजूंचा फासा

आज आपल्या खान्देशातली लढाई टेबलावर आणू. तापीकाठचं थाळनेर माहितीय ना, शिरपूर तालुक्यातलं? 27 फेब्रुवारी 1818. होळकरांनी तहात दिलेला किल्ला ताब्यात घ्यायला सर थॉमस हिस्लॉपची फौज आली. तोफा चालल्या, किल्लेदार बाहेर येऊन शरण आला. काही इंग्रज अधिकारी आतल्या दरवाजातून शिरले आणि तिथेच झटापटीत मारले गेले. मग फौजेने आतली शिबंदी कापून काढली, किल्लेदाराला फाशी दिलं. बोलण्यातला गैरसमज नडला, असं म्हणतात.

आता सांगा, आपल्या गेममध्ये शरण जायचा नियम आहे का? आपण नुसते हिट पॉइंट मोजत बसतो. म्हणून हे करून बघा. कुणी शस्त्र खाली ठेवलं की वीस बाजूंचा फासा टाका. 12 किंवा जास्त पडले तर लढाई थांबली. सोबत दुभाष्या असेल तर 5 मिळवा. दरवाजा अरुंद, आत अंधार, तर 3 वजा. कमी पडले तर झटापट सुरू, मग कुणालाच थांबवता येणार नाही.

बघा, पुढच्या वेळी तलवारवाल्याआधी अहिराणी आणि हिंदुस्तानी दोन्ही बोलणारा भिडू शोधाल. खेळा, आणि कोण वाचलं ते कळवा!