एकनंतर थेट 2,60,515



आपण शिकलो तेव्हा मेडशी अकोला जिल्ह्यात होतं. वाशिम जिल्हा 1998 मध्ये झाला. गणिताच्या पोथीत मात्र वाशिम फार जुनं आहे. भास्कराचार्यांनी ‘करणकुतूहला’त पृथ्वीच्या मध्यरेषेवरची ठिकाणं सांगितली, त्यांत उज्जयिनीसोबत वत्सगुल्म, म्हणजे आपलं वाशिम आहे. त्यांच्याच ‘लीलावती’त ‘पाय’साठी 22/7 ही स्थूल आणि 3927/1250 ही सूक्ष्म किंमत दिली आहे. आपण स्थूलवर भागवलं. सर बजावायचे, “ही पाय नाही रे, पायच्या जवळची आहे.”

त्या ‘जवळ’ची गंमत मला पुढे कळली. टॅन 90 अंशाची किंमत काढता येत नाही, हे आठवतं ना? रेडियनमध्ये 90 अंश म्हणजे अर्धा पाय. मग दीड, अडीच, साडेतीन पाय, दरवेळी तेच. पाय अपरिमेय असल्यामुळे कुठलीच नैसर्गिक संख्या नेमकी तिथं पडत नाही. पण जवळ जाते. 22/7 ची साडेतीनपट 11. खऱ्या पायची 10.9956. 11 ही संख्या ती जागा जेमतेम ओलांडते, म्हणून टॅन 11 येतो सुमारे उणे 226!

आता प्रश्न असा: कोणत्या नैसर्गिक संख्येचा टॅन त्या संख्येपेक्षा मोठा असतो? 1 चा असतो, 1.557. पुढे संगणकाला अडीच लाखांपर्यंत तपासायला लावा, एकही सापडत नाही. तिथं थांबलो तर ‘संपलं’ म्हणू. पण 2,60,515 चा टॅन 3,83,000 च्या वर आहे! त्यानंतरची संख्या 3,73,62,253.

नोकरीच्या सुरुवातीला मी एक प्रोग्राम लाखभर नोंदींवर तपासला आणि ‘चूक नाही’ असं लिहून दिलं. प्रत्यक्ष कामात तो एका नोंदीवर अडला आणि मला रात्रभर जागावं लागलं. ‘चूक आढळली नाही’ एवढंच लिहायचा मला अधिकार होता.

मला इंजिनिअरिंगला पाठवायचं ठरलं तेव्हा एक पाहुणे बाबांना म्हणाले, “आपल्याकडची पोरगी आजवर कोणी इंजिनिअर झाली का?” बाबा म्हणाले, “नसंल झाली. हिला तर अजून पाहिलंच नाही ना आपण.” बाबांना त्रिकोणमिती येत नव्हती.

मागं उभ्या असलेल्या दहावीच्या मुलींनो, ‘आजवर कोणी नाही’ असं कोणी म्हणालं, तर मोजणी कुठवर झाली आहे, तेवढं विचारा.