भिंतीवरच्या तसबिरी

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा कोणता विषय घ्यावा असा आम्हांस प्रश्न पडला. आम्ही काही विद्वान नव्हे. मॅट्रिक झालो आणि पस्तीस वर्षे मुलांना पाढे घोकविले, एवढीच आमची पुंजी. म्हणून सर्वांच्या परिचयाचा विषय निवडला आहे. तो म्हणजे घरात लावलेल्या आपल्या माणसांच्या तसबिरी.

आमच्या कोकणातील जुन्या घरी ओटीवर, माजघराच्या दारावर, पाच तसबिरी एका ओळीत टांगलेल्या असत. वरची कड भिंतीपासून पुढे झुकलेली. जणू काही मंडळी वाकून आल्यागेल्याची चौकशी करीत आहेत. दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत त्या खाली उतरत, आणि काचा पुसण्याचे काम आम्हां मुलांकडे येई. आम्ही ते ओल्या फडक्याने मोठ्या उत्साहाने करीत असू. पाणी चौकटीत झिरपून दोन तसबिरींच्या कडांना जे डाग पडले, ते आमच्याच सेवाभावाचे फळ होय!

मधल्या तसबिरीत आजोबा खुर्चीवर बसले होते. डोक्यास पगडी, हातात जाड पुस्तक. आजोबांचा आणि पुस्तकाचा संबंध बहुधा तेवढ्या क्षणापुरताच असावा. शेजारी नऊवारी नेसलेली, नथ घातलेली एक स्त्री उभी होती, कडेवर मूल. ही आमची आजी नव्हे, हे आम्हांस कळत असे. एकदा आजीस विचारले, तेव्हा ती म्हणाली, "त्या थोरल्या." थोरल्या हे नावच असावे, अशी आमची कित्येक वर्षे समजूत होती.

पुढे कळले ते इतकेच, की त्या आजोबांच्या प्रथम पत्नी. माहेर राजापूरकडचे. मुंबईत १९१८ च्या इन्फ्ल्युएन्झाच्या साथीत त्या गेल्या, त्यांच्यामागून मूलही गेले. आमचे वडील पितृपक्षात तर्पण करताना सापत्नमाता म्हणून दरवर्षी त्यांचे नाव घेत. आम्ही पलीकडेच बसलेले असू. ते नाव आमच्या कानांवरून तीस वेळा तरी गेले असेल, आणि एकदाही मनात राहिले नाही. लक्ष पानावरच्या वड्यांकडे! वडील १९९४ साली वारले. थोरल्या आत्यास विचारू, विचारू म्हणत राहिलो, तोवर तीही गेली. आज तसबीर आमच्यापाशी आहे, चेहरा स्वच्छ दिसतो, आणि नाव नाही. लग्नात नाव बदलण्याची चाल असल्यामुळे त्या बाईंना दोन नावे असतील. दोन्ही आम्ही गमावली.

छायाचित्रणाची कला १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झाली आणि फार लौकर आपल्याकडे आली. मुंबईस १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळचे नाणावलेले छायाचित्रकार. तथापि सामान्य कुटुंबात फोटो काढविणे हा पुढे कित्येक वर्षे लग्नामुंजीइतका मोठा प्रसंग होता, आणि त्या प्रसंगी खुर्ची कोणास मिळे हे सांगावयास नको. पुरुष एकटा बसे. स्त्री दिसे ती कोणाची तरी पत्नी म्हणून, नाहीतर ग्रूप फोटोच्या कडेला. आमच्या आईचा एकटीचा पहिला फोटो मतदार ओळखपत्रासाठी निघाला. ही ओळखपत्रे १९९३ पासून देऊ लागले. आई गेल्यावर घरभर शोधले, दुसरा मिळेना. शेवटी तोच मोठा करून भिंतीवर लावला. त्यात ती दचकल्यासारखी दिसते. आईस तसे दचकलेले आम्ही आयुष्यात पाहिले नव्हते. जिवंत माणसाची तसबीर लावू नये या समजुतीने अशा किती आया भिंतीवाचून राहिल्या असतील! आमचे तर मत असे, की माणूस हसतेबोलते आहे तोवरच त्याचा फोटो लावावा. हार पुढे कधीतरी घालता येतो.

आता नव्या घरांचा प्रश्न. आमच्या सूनबाईंचे म्हणणे, दिवाणखान्यात शिरताच इतकी गेलेली माणसे समोर येऊ नयेत. प्रथम आम्हांस राग आला. मागाहून वाटले, तिचे चुकले नाही. तिला ती माणसे कोण हे कोणी सांगितलेच नव्हते. आता तसबिरी आतल्या बोळात आहेत. नातवंडांच्या उंचीला लावल्या आहेत, आणि एकेकीखाली नाव, नाते व गाव लिहिलेली चिठ्ठी आहे. सूनबाईंच्या आजीचीही तसबीर त्या ओळीत आली. हल्ली पाहुण्यांना बोळात नेऊन माहिती सूनबाईच सांगतात, आणि आमच्याहून बरी सांगतात.

दोनचार व्यवहाराच्या गोष्टी. दुपारचे ऊन पडणाऱ्या किंवा न्हाणीघरास लागून असलेल्या भिंतीवर तसबीर लावू नये. काच फोटोस चिकटू देऊ नये; ओलीने ती अशी धरते, की सोडविताना चेहरा काचेबरोबर येतो. जुने काळेपांढरे फोटो टिकाऊ. १९७०-८० च्या सुमाराचे रंगीत मात्र तांबूस होत चालले आहेत, त्यांच्या प्रती लौकर करून घ्याव्यात. पाठीमागे नावे मऊ पेन्सिलीने लिहावीत. बॉलपेनाचा दाब पुढच्या बाजूस उमटतो. आणि 'आई', 'काका' असे लिहू नये. पन्नास वर्षांनी वाचणारा विचारील, कोणाची आई? मोबाइलमध्ये हजारो फोटो आहेत, हे आम्ही जाणतो. त्यांतल्या किती जणांची नावे लिहून ठेवली आहेत, एवढे ज्याने त्याने पाहावे.

अध्यक्षमहाराजांच्या परवानगीने ती मधली तसबीर आज आम्ही बरोबर आणली आहे. दाराजवळच्या मेजावर ठेवली आहे. राजापूरकडची बरीच कुटुंबे येथे आलेली दिसतात. आपल्या घरची एखादी आत्या किंवा पणजोबांची बहीण मुंबईस दिली होती आणि १९१८ च्या साथीत गेली, असे कोणाच्या ऐकण्यात असल्यास कृपा करून एकवार पाहावे. वृद्ध भगिनींनी तर अवश्य पाहावे. पंगती उठेपर्यंत आम्ही त्या मेजापाशीच बसलो आहोत.