राजी, कबूल, मंजूर

इंग्रजीतलं ‘ॲग्री’ हे क्रियापद फ्रेंचमधून आलं. त्याच्या मुळाशी आहे लॅटिन ‘ग्रातुस’, म्हणजे आवडणारं, सुखावणारं. होकार म्हणजे आधी मनाची खुशी.

आता आपल्या ‘राजी’कडे बघा. तो अरबी, फारसीच्या वाटेनं मराठीत आला आणि त्याचाही मूळ अर्थ खूश असाच. 1490 साली मलिक अहमदनं अहमदनगरची निजामशाही उभी केली. नगरचा दरबारी कारभार फारसीत चालू लागला आणि कबूल, राजी, मंजूर ही दख्खनी कारभारातली नाणी गावोगाव खपली. ‘मंजूर’ हा तर ‘नजर’चा सख्खा भाऊ. मंजूर म्हणजे नजरेखालून गेलेलं. हिवरे बाजारच्या ग्रामसभेत ठराव मंजूर होतो, तेव्हा ही नजर गावाची असते!

इंग्रजीत अन्न, हवाही ‘ॲग्री’ होते. त्याला आपला अस्सल शब्द आहे: मानवणं. “कोकणची हवा मला मानवत नाही,” असं नगरकर सहज म्हणतो. तिथे ‘सहमत’ घालून बघा, हसू येईल.

सगळ्यात गंमत ‘राजीनाम्या’ची. शब्दशः हे संमतिपत्र. इंग्रजी अमलातल्या मुंबई इलाख्यात जमीन सोडणारा शेतकरी राजीनामा लिहून देई आणि ती घेणारा कबुलायत. सोडणं राजीखुशीनं, हे कागदावर तरी. पुढे जमीन मागे पडली, खुर्ची आली. आणि नोकरदार मागतो ती ‘रजा’ही याच ‘राजी’च्या घरची.