ग्वाल्हेरचे जहाज ओळखावे कसे?
(ग्रंथालयाच्या शताब्दी सोहळ्यातील व्याख्यान)



दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून १८१० च्या सुमारास वसलेल्या या लष्करात कोणी जहाजांवर बोलायला उभे राहावे, याचे आपणांस नवल वाटेल. येथून समुद्र शेकडो कोस दूर. परंतु ग्वाल्हेरलाही एके काळी एक जहाज होते आणि जुन्या चित्रांतून ते ओळखावे कसे, हाच माझा आजचा विषय आहे. चित्राखालच्या नावावर विसंबून आपण पान उलटतो. हा विश्वास कितपत ठेवावा, हे आधी एका दूरच्या उदाहरणाने सांगतो.

अमेरिकेच्या आरमारात १९२७ साली 'लेक्सिंग्टन' आणि 'सॅराटोगा' या दोन विमानवाहू नौका दाखल झाल्या. दोन्ही एकाच आराखड्याच्या, भिंतीसारखे प्रचंड धुराडे उजव्या अंगाला असलेल्या. पॅसिफिक महासागरात सराव चाले तेव्हा परतणाऱ्या वैमानिकांनाही आपली नौका कोणती याचा संभ्रम पडे. म्हणून सॅराटोगाच्या धुराड्यावर उभा काळा पट्टा रंगवला गेला. पुढे विमानांच्या शेपट्यांनाही नौकेप्रमाणे रंग ठरले : लेक्सिंग्टनचा पिवळा, सॅराटोगाचा पांढरा, यॉर्कटाउनचा तांबडा, एंटरप्राइझचा निळा. युद्धाची चाहूल लागली आणि १९४१ मध्ये हा रंगीत साज उतरवला गेला. शांततेच्या काळात सोयीची असलेली ओळख युद्धात घातक ठरते.

ओळखण्यात चूक झाली तर काय होते, तेही पाहा. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला, तेव्हा बंदरात एकही विमानवाहू नौका नव्हती. 'यूटा' ही जुनी, केवळ नेमबाजीच्या सरावासाठी राखलेली नौका मात्र होती. काही वैमानिकांनी तिलाच लढाऊ नौका समजून टॉर्पेडो सोडले. ती उलटली आणि ५८ माणसे प्राणास मुकली.

आता आपल्या जहाजाकडे वळू. त्याचा जन्मही पॅसिफिकसाठीच झाला होता. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीने १८९१ मध्ये हाँगकाँग, योकोहामा व व्हँकुव्हर या मार्गावर 'एम्प्रेस ऑफ इंडिया', 'एम्प्रेस ऑफ जपान' आणि 'एम्प्रेस ऑफ चायना' ही तीन जहाजे आणली. तिन्ही सख्ख्या बहिणींसारखी : पांढरा रंग, दोन धुराडी, तीन डोलकाठ्या आणि शिडाच्या जहाजासारखे डौलदार पुढचे टोक. जुलै १८९३ मध्ये स्वामी विवेकानंद योकोहामाहून व्हँकुव्हरला गेले ते यांपैकी एम्प्रेस ऑफ इंडियाने. जमशेटजी टाटा त्यांचे सहप्रवासी होते.

पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या अखेरीस, माधवराव महाराज शिंदे यांच्या पुढाकाराने हेच जहाज विकत घेण्यात आले. जखमी सैनिकांसाठी त्याचे तरंगते रुग्णालय झाले आणि नाव पडले 'लॉयल्टी', म्हणजे निष्ठा. युद्धानंतर, १९१९ मध्ये, वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते घेतले. जहाज शिंदे महाराजांकडून आले म्हणून कंपनीचे नाव सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. कंपनी शिंदे घराण्याची होती, हा समज बरोबर नाही. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टीने मुंबईहून लंडनकडे प्रयाण केले. १९६४ पासून तो दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. १९२३ मध्ये जहाज मुंबईत मोडीत निघाले.

मग एखादे चित्र समोर आले तर काय करावे? केवळ रंगावर जाऊ नये. प्रवासी जहाज असतानाही ते पांढरे होते आणि रुग्णनौकाही पांढरीच असे. १९०७ च्या हेग करारानुसार रुग्णनौकेच्या अंगावर आडवा पट्टा असे, लष्करी असल्यास हिरवा, खाजगी साहाय्याने चालणारी असल्यास तांबडा. असा पट्टा दिसला तर चित्र युद्धकाळातले. पट्टा नसेल आणि साल १९१४ च्या आधीचे असेल, तर ते लॉयल्टी नव्हे. आणि एम्प्रेस ऑफ इंडियाच, असेही लगेच म्हणू नये, कारण बहिणी दोन होत्या. जुलै १९११ मध्ये एम्प्रेस ऑफ चायना टोकियोच्या उपसागराजवळ खडकावर आदळून निकामी झाली; त्यानंतरच्या चित्रात एक शक्यता कमी होते. सारा निर्णय अखेर तारखेवर येऊन ठेपतो.

हा केवळ हौशी माणसाचा खटाटोप नव्हे. १९१४ मध्ये 'लॉयल्टी' या नावाने ब्रिटिश साम्राज्याशी निष्ठा सांगितली. १९१९ मध्ये तेच नाव मिरवीत तेच जहाज ब्रिटिश जहाज कंपन्यांच्या मक्तेदारीला आव्हान देण्यास निघाले. नाव तेच, लोखंड तेच. अर्थ मात्र पाच वर्षांत उलटा झाला. तारीख गाळली, तर कोणी त्याला नुसते राजनिष्ठेचे प्रतीक ठरवील, कोणी नुसते स्वदेशीचे. आणि ग्वाल्हेरच्या वाट्याचा इतिहास दोन्हीकडून अर्धाच उरेल.

म्हणून शताब्दीच्या या प्रसंगी सभासदांना एकच विनंती. घरातील जुने छायाचित्र ग्रंथालयास द्याल, तेव्हा त्याच्या पाठीवर नावाबरोबर साल आणि स्थळही लिहा. समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या आपल्या गावाचे जहाज पुढच्या पिढीला ओळखता येईल, ते त्या दोन शब्दांमुळेच.