‘सारखा’ आणि सिमिलर



आपल्या बोलीतला ‘सारखा’ हा शब्द मोठा कामसू आहे. दोघे भाऊ सारखे, वाटणी सारखी, पोर सारखे रडते, सगळीकडे तोच राबतो. इंग्रजीत मात्र ही कामे वेगवेगळ्या शब्दांनी वाटून घेतली आहेत. त्यातला ‘सिमिलर’ आज पाहू, कारण उत्तरपत्रिकेत तो फार घोटाळा करतो.

आपल्या भागात बिबट्या दिसला की ‘वाघ आला’ अशी हाकाटी होते. बिबट्या वाघाशी ‘सिमिलर’ आहे, ‘सेम’ नव्हे. एकाला ठिपके, दुसऱ्याला पट्टे. सिमिलर म्हणजे मिळताजुळता. काही गुण जुळतात, काही जुळत नाहीत. म्हणूनच ‘व्हेरी सिमिलर’, ‘मोअर सिमिलर’ असे कमी-जास्त करता येते. सेम म्हणजे तोच किंवा तंतोतंत तसाच, आणि त्याच्या आधी बहुधा ‘द’ लागतो.

‘सारखा’ला शब्दयोगी अव्ययाची गरज नसते, म्हणून मुले सर्रास ‘सिमिलर लाइक’ लिहितात. सिमिलरपुढे ‘टू’ येतो आणि सेमपुढे ‘ॲज’. आणखी एक खोच आहे. ‘मंचरची हवा जुन्नरसारखी आहे’ हे मराठीत चालते. इंग्रजीत तसेच लिहिले तर हवेची तुलना गावाशी होते! तिथे ‘द क्लायमेट ऑफ मंचर इज सिमिलर टू दॅट ऑफ जुन्नर’ असेच लिहावे. हे ‘दॅट ऑफ’ पदवीधरही विसरतात.

‘अलाइक’ याच घरचा, पण तो नामाच्या आधी बसत नाही. खोडदच्या दुर्बिणीच्या 30 अँटेना पाहिल्यात ना? प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. ‘द डिशेस आर अलाइक’ बरोबर. ‘अलाइक डिशेस’ चूक. तिथे ‘सिमिलर डिशेस’ म्हणावे.

आता पालकांसाठी. मोहम्मद, महंमद, मुहम्मद. घरी हाक मारताना तिन्ही एकच. रोमन लिपीत कुठे ‘ओ’, कुठे ‘यू’, कुठे एक ‘एम’, कुठे दोन. शेख आणि सय्यद यांचेही तेच. जन्मदाखल्यावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, आधार कार्डावर तिसरे. ही नावे सिमिलर झाली, आणि कचेरीला हवे असते सेम. पुढे पासपोर्ट किंवा शिष्यवृत्तीच्या वेळी प्रतिज्ञापत्र, राजपत्र अशी धावपळ होते, आणि मुदत टळली तर मुलाचे नुकसान होते. मुलीच्या बाबतीत लग्नानंतर नाव बदलले की गुंता आणखी वाढतो.

म्हणून आज घरी गेल्यावर सगळी कागदपत्रे शेजारी-शेजारी ठेवा आणि नावातले एकेक अक्षर ताडून पाहा. वाचायला अडचण वाटली तर मुलाकडूनच वाचून घ्या. नववीच्या मुलांनी तर हे लगेच करावे. दहावीच्या परीक्षेच्या अर्जात जे स्पेलिंग जाते, तेच गुणपत्रिकेवर छापून येते.