विजेचे घड्याळ आणि घराचे घड्याळ
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी मेळाव्यात केलेले भाषण)



सचिवांनी मला "विजेच्या नव्या दरांवर दहा मिनिटं बोला" असं सांगितलं. आयुष्य बँकेत व्याजाचे आकडे मांडण्यात गेलं, त्यामुळे आकड्यांचा विषय माझ्याकडे आला असावा.

२००१ साली आपण इथे राहायला आलो. पुढे काही वर्षांतच लोडशेडिंग सुरू झालं. नोटीस बोर्डावर वेळापत्रक लागायचं आणि लिफ्टमध्ये कोणी अडकू नये म्हणून वॉचमन खालून हाका मारायचा. तेव्हा वीज घड्याळ बघून जायची. आता ती घड्याळ बघून स्वस्त होते.

असं का, ते थोडक्यात सांगतो. दुपारी सौर वीज भरपूर असते. संध्याकाळी सूर्य मावळतो आणि त्याच वेळी घरोघरी दिवे, टीव्ही, पंखे, एसी सुरू होतात. मग भार येतो तो आपल्या एकलहऱ्यासारख्या कोळशाच्या केंद्रांवर आणि कोयनेच्या पाण्यावर. कोळशाचं केंद्र बटण दाबून दुपारी बंद, संध्याकाळी चालू असं करता येत नाही. म्हणून ग्राहकानेच थोडा वापर दुपारी सरकवावा, ही कल्पना. कारखान्यांना अशी दरपद्धत जुनीच आहे. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये नियम बदलून ती घरगुती ग्राहकांपर्यंत आणली. महावितरणच्या ज्या घरगुती ग्राहकांकडे स्मार्ट मीटर आहे, त्यांना १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत मिळू लागली. सुरुवात युनिटमागे ८० पैशांनी झाली.

मी लगेच वही काढली. सप्टेंबरमध्ये आमच्या घरी २१२ युनिटं जळली, त्यातली ९ ते ५ मधली फक्त ५८. ऑक्टोबरपासून घरात शिस्त आणायची, असं मी जाहीर केलं.

पहिला अडथळा सूनबाईंचा. ती साडेआठला ऑफिसला निघते. म्हणाली, "बाबा, मशीन नऊनंतर लावायला माझी हरकत नाही. पण कपडे वाळत कोण घालणार?" दुसरा अडथळा आमच्या सौ.चा. आंघोळ नऊनंतर कर म्हटलं, तर तिने विचारलं, "म्हणजे देवाला आता नऊपर्यंत थांबवायचं का?" चाळीस वर्षांचा पूजेचा नेम ८० पैशांसाठी मोडा, हे मला पुन्हा सांगवलं नाही. नातवाची शाळा सकाळची. त्याचा गीझर सहालाच लागणार.

शेवटी सरकलं काय? माझी आंघोळ, माझी इस्त्री आणि वॉशिंग मशीन, कारण कपडे वाळत घालायचं काम मी घेतलं. ऑक्टोबरमध्ये दिवसाची युनिटं ८७ झाली. वाढली २९. त्यांचे ८० पैशांनी २३ रुपये २० पैसे.

हसा, सौ.सुद्धा हसली. पण त्या २९ युनिटांनी मला एक गोष्ट शिकवली. दरपत्रक वाचतो एक जण आणि घराचं घड्याळ चालवते दुसरीच व्यक्ती, बहुतेक घरांत बाईच. वेळ बदला असं सांगणं फुकट असतं, ती बदलायचे कष्ट फुकट नसतात. जे काम मी स्वतः अंगावर घेतलं तेवढंच सरकलं.

आज आपल्याला मिळते ती सवलत आहे. पण केंद्राच्या नियमात गर्दीच्या तासांना घरगुती ग्राहकासाठी किमान १० टक्के जादा दराचीही तरतूद आहे. उद्या तशी वेळ आली, तर आमच्यासारखे निवृत्त लोक दुपारी कामं उरकतील. दोघंही नोकरी करणारं जोडपं काय करेल? ज्या घरात आजारी माणसासाठी रात्रभर यंत्र चालतं, ते काय करेल? त्यांना "नियोजन करा" असा उपदेश करू नये, ही माझी हात जोडून विनंती आहे.

त्याऐवजी जे सगळ्यांचं आहे तिथून सुरुवात करू. आपला पाण्याचा पंप ५ हॉर्सपॉवरचा, म्हणजे तासाला साधारण पावणेचार युनिटं. तो रोज तीन तास चालतो, पहाटे आणि संध्याकाळी. पहाटेचा एक तास ठेवावाच लागेल. उरलेले दोन तास दुपारी नेले तर महिन्याला सुमारे २२५ युनिटं सरकतात, म्हणजे १८० रुपये, वर्षाला दोन हजारांच्या वर. त्यासाठी कॉमन मीटर स्मार्ट हवा आणि दुपारी भरलेली टाकी सकाळपर्यंत पुरली पाहिजे. म्हणजे वरच्या टाकीची गळती आधी काढावी लागेल. ती गळती गेल्या तीन वार्षिक सभांच्या इतिवृत्तांत आहे, हे नम्रपणे आठवण करून देतो.

बँकेत संगणक आले तेव्हा ज्येष्ठ खातेदार पासबुक छातीशी धरून उभे राहायचे. त्यांना आम्ही पत्रक दिलं नाही. शेजारी उभं राहून पहिली नोंद दाखवली, मग विश्वास बसला. नव्या मीटरचंही तसंच आहे. ज्यांना बिल समजत नाही त्यांनी रविवारी सकाळी दहाला क्लब हाउसमध्ये बिल घेऊन यावं. मी आणि माझी वही तिथे असू. दहाला, कारण तोवर माझे कपडे वाळत घालून झालेले असतात.